भरती

"ओढा, डॉक्टरचे वडील, ओढा! खाल्लेलं कुठं जातंय तुमचं?"

विहिरीच्या काठावर वाकून, दोर दोन्ही मुठींत धरून माझा शेजारी मला असं म्हणत होता आणि मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. मोटरच्या पाइपाच्या तळाला एक झडप असते, चढलेलं पाणी परत खाली उतरू नये म्हणून. आमच्याकडं तिला फुटबॉल म्हणतात. तिच्यात पाला अडकला की मोटर नुसती घुमते, पाणी टाकत नाही. मग पाइप वर ओढायचा, पाला काढायचा, पुन्हा सोडायचा. एकट्याचं काम नाही. विहीर आमच्या दोघांत सामाईक, त्यामुळं दुसरा माणूसही तोच.

दोर त्याच्या हातातून सुटला. पाइप निम्म्यातून धप्पदिशी पाण्यात गेला आणि माझे तळहात सोलून निघाले.

"चुकलं राव माझं," तो म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडं बघतच राहिलो. हा शब्द त्याच्या तोंडून ऐकायला मी दहा-अकरा वर्षं थांबलो होतो. त्यानं तो एका दोरावर घालवला.

पुन्हा ओढला, पाला काढला. मोटर पाणी टाकायला लागली. तो त्याच्या घरी गेला, मी माझ्या. जाताना रामराम नाही, काही नाही. तसलं आमच्यात नव्हतंच.

तुमच्याही बांधाला असा एखादा असेल, तर बघा, त्याच्याबद्दल चांगलं काही सुचतंय का. मला सुचत नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग मी काहीच बोलायला नको.

फोन पहिला त्याच्या घरी आला. मोबाइल यायच्या लई आधी. पंचायतीत निवडून आला होता, त्या जोरावर तार ओढून घेतली. तार माझ्या रानातून आली. खांब माझ्या बांधावर आणि फोन त्याच्या घरात. खांबाच्या बुडाला माझं औत अडायचं, तेव्हा हा पलीकडून सांगायचा, "जपून डॉक्टरचे वडील, लाइन तुटंल."

फोनला तो पोटच्या पोरापेक्षा जपायचा. वीज कडाडायला लागली की खांद्यावरची घोंगडी काढून फोनवर टाकायचा आणि स्वतः कुडकुडत बसायचा. कुणाचा फोन आला की हाक मारायचा नाही. बांधावर येऊन उभा राहायचा, अंगठा कानाला लावायचा, करंगळी तोंडापुढं धरायची आणि नुसता बघत राहायचा. आपण वर मान करून बघेपर्यंत तो हलणार नाही. तिकडं फोनवरच्या माणसाचे पैसे जातायत, पण हा पुतळा. आपण पळत गेलो की म्हणणार, "उपकार न्हाई करत. फोन हाय म्हणून सांगतो."

त्याच घरात टीव्ही. हिंदी मालिका संपेपर्यंत खाटेवरून उठायचा नाही. त्याचं त्याला वाटायला लागलं की आपल्याला हिंदी येतं. कांद्याच्या सिझनला तिकडचे ट्रकवाले यायचे, त्यांना हा वाट सांगायचा. "सिधा जाव. वढा लगेंगा. वढ्यात उतरेंगा, मग चढेंगा." ट्रकवाला वढ्यात उतरून बसायचा आणि आम्ही ट्रॅक्टर लावून काढायचो. मी म्हणायचो, "अरे, येत नाही तर बोलतो कशाला?" त्याचं ठरलेलं उत्तर, मान जराशी तिरकी करून: "मला हिंदी येती."

माझा पोरगा एकुलता एक. बारावी झाली, इथं डॉक्टरकीला नंबर लागला नाही, पुण्याच्या एका एजंटामार्फत रशियाला गेला. मला पटलं नव्हतं. त्याच्या आईला पटलं होतं, म्हणून गेला. त्या दिवसापासून शेजाऱ्यानं माझं नाव टाकलं आणि 'डॉक्टरचे वडील' म्हणायला लागला. पोरानं अजून कुणाची नाडी धरली नव्हती. गावात चारचौघांत, बाजारात, एसटीत, सगळीकडं. "सरका, सरका, डॉक्टरच्या वडलांना बसू द्या." लोक हसायचे. पोराची आई म्हणायची, "बरंय की. चांगलंच म्हणतायत." तिला टोमणा कळायचा नाही असं नाही. ती घ्यायची नाही.

पोरगा महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायचा. तिकडं बर्फ, खोलीत चौघं, भाकरीची आठवण येते. फोन मधेच कटायचा.

दुसऱ्या वर्षाच्या थंडीतली गोष्ट. मी दारं धरत, वाफ्यात पाणी सोडत होतो. हा बांधावर आला, पण त्या दिवशी अंगठा कानाला लावला नाही. सरळ बांध ओलांडून माझ्या वाफ्यात आला, चपलेसकट. म्हणाला, "डॉक्टरचे वडील, पेढं काढा. पोरगं भरती झालं."

"कशात?"

"दवाखान्यात. त्याच्या खोलीवरच्या पोराचा फोन व्हता. हिंदीवालं हाय ते. म्हनला, अस्पताल में भरती झाला."

"अरे, शिक्षण संपलं नाही अजून त्याचं."

"हुशार हाय म्हणून आधीच घेतला आसंल. मोठा दवाखाना हाय. सरकारी."

आता तुम्ही हसाल. हसा. तुम्हाला माहीत असेल, हिंदीत दवाखान्यात भरती होणं म्हणजे आजारी पडून ॲडमिट होणं. आम्हाला भरती माहीत पोलिसाची. मिल्ट्रीची. भरती झालं म्हणजे पोरगं कामाला लागलं, आई-बाप सुटले. माझ्या पोराला सरकारी दवाखान्यात घेतलं, एवढंच मला कळलं. हातातलं फावडं टाकून मी घराकडं पळालो. वाफा फुटला, पाणी त्याच्या रानात गेलं, तरी मागं बघितलं नाही.

पोराची आई ऐकताच उठली, लुगडं बदललं आणि ओतूरची एसटी धरून पेढे घेऊन आली. सगळ्या आळीला वाटले. निरगुडसरला माहेरी पाठवले. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला रस्त्याच्या मधून चालताना बघितलं. एरवी कडेकडेनं चालायची. बायका विचारायच्या, "काय म्हणतोय डॉक्टर?" ती म्हणायची, "भरती झाला." किती वेळा म्हणाली असेल.

शेजाऱ्याच्या घरी पेढा द्यायला आम्ही दोघं गेलो. त्यानं पेढा घेतला, दोन बोटांत धरला आणि फोनच्या वरच्या कोनाड्यात ठेवून दिला. म्हणाला, "खातो मागनं." माझ्या पोराचा पेढा त्याच्या घशाखाली उतरेना. जळत होता, दुसरं काय.

ते चार-पाच दिवस तो रानात दिसला नाही. त्याची पाण्याची पाळी आली आणि गेली, यानं मोटर चालू केली नाही. टीव्हीपुढं लोळत असेल म्हटलं. मी त्याचंही पाणी माझ्या कांद्याला घेतलं. बिनबोभाट.

मग एका दुपारी तो बांधावर आला. अंगठा कानाला, करंगळी तोंडापुढं. मी गेलो, पोराची आई मागून पदर खोचत आली. फोनवर एक मुलगी होती. नगरकडची, मराठी बोलणारी, पोराच्याच वर्गातली.

"काका, काळजी करू नका. तो आज शुद्धीवर आलाय."

मी म्हणालो, "शुद्धीवर? बेशुद्ध कधी होता?"

तिकडून ती म्हणाली, "काका, तुम्हाला फोन आला नव्हता का? अपेंडिक्स फुटलं त्याचं. पोटात विष झालं होतं. रात्रीतूनच ऑपरेशन केलं. दोन दिवस डॉक्टर काहीच सांगत नव्हते. आम्ही मुलं आळीपाळीनं बाहेर बसलो होतो. आता धोका टळलाय, काका. ऐकताय ना?"

मी ऐकत होतो. समोर कोनाड्यात तो पेढा तसाच होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या.

पोराच्या आईनं माझ्या हातातून फोन घेतला. मुलीला म्हणाली, "बाई, तू जेवलीस का?" मग फोन कटला.

मी त्याची गचांडी धरली. खोटं कशाला सांगू, धरली. माझं पोरगं तिकडं परमुलखात पोट फाडून पडलं होतं, आणि इथं मी त्याचे पेढे वाटत होतो. सगळं गाव गोळा झालं. मी ओरडत होतो, "तुला हिंदी येत नाही! येत नाही तर फोन उचलतो कशाला? चुकलं म्हण! सगळ्यांपुढं म्हण, चुकलं!"

त्यानं माझे हात सोडवले नाहीत. मान तिरकी करून म्हणाला, "मला हिंदी येती."

बघा आता. हिंदी येतं म्हणतो. येतं, तर मग त्याला सगळं कळलं होतं आणि तो आमच्याशी खोटं बोलला. येत नाही, तर चुकला. दोन्हींपैकी एक काहीतरी कबूल कर. मी एवढंच मागत होतो. त्या दिवशी मागितलं, पुढं वर्षानुवर्षं मागितलं. विहिरीवर, पंचायतीत, एकदा तर दुसऱ्याच्या लग्नाच्या पंगतीत मागितलं. तो पुरी मोडत म्हणाला, "मला हिंदी येती."

पोराच्या आईचं निराळंच. त्या दिवशी घरी येताना मला म्हणाली, "सोडा त्यास्नी. कळलं आसतं तर काय क्येलं आसतं तुमी? उडून गेला आसता?"

"रडलो तरी असतो."

"रडायला काय झालंय? आता रडा. माझं चार दिवस ग्वाड गेलं, त्ये कुनी दिलं आसतं?"

मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. पोरगं मरणाच्या दारात आणि बाई म्हणते गोड गेलं. पण ती खरोखर रडली नाही. त्या दिवशी पिठलं केलं आणि एका वाटीत घालून शेजाऱ्याच्या घरी देऊन आली.

पोरगा उन्हाळ्यात आला. हाडाचा सापळा. आल्या आल्या शेजाऱ्यानं त्याला बांधावर गाठलं, त्याचा शर्ट स्वतःच्या हातानं वर केला आणि पोटावरचा व्रण बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "टाकं बरं घातल्यात. सरकारी आसून." पोरगा हसला. मला संताप आला. तपासणारा हा कोण?

त्यानंतर शेजाऱ्यानं फोनवर निरोप ऐकून घ्यायचं सोडूनच दिलं. फोन आला की "थांबो, थांबो" असं त्यात ओरडायचा, रिसीव्हर टेबलावर ठेवायचा आणि आम्हाला आणायला यायचा. "तुमचं तुमी ऐका," म्हणायचा. मी म्हणायचो, आता अक्कल आली.

पोरगा परत गेला, शिकला, डॉक्टर झाला. नाशिकला दवाखाना टाकला. शेजाऱ्याचा पोरगा भोपाळकडं कंपनीत लागला आणि तिकडचीच बायको केली. सून पहिल्यांदा आली तेव्हा मी मुद्दाम बांधालगत गवत काढत बसलो, याचं हिंदी ऐकायला. हा तिला म्हणाला, "बहू, भैंस को पेंड डालो." ती बिचारी झाडाकडं बघून विचारते, "कौन सा पेड़, बाबूजी?" मला इतकं हसू आलं की खुरपं बोटावर बसलं. पण नंतर ती काहीबाही भरभर बोलत होती, तिच्या माहेरचं काहीतरी, आणि हा जिथं हसायचं तिथं हसत होता, जिथं चुकचुकायचं तिथं चुकचुकत होता. बोलता येत नव्हतं हे नक्की. कळत होतं का, ते मला अजून सांगता येत नाही.

मागच्या वर्षी माझी बायको गेली. सकाळी चुलीपुढं बसली होती, तिथंच कलंडली. मला काही सुचेना. शेजारी आला, बघितलं, परत गेला. त्यानं नाशिकला पोराला फोन केला, हे मला नंतर कळलं. पोरगा गाडी घेऊन आला. बॅग घेऊन घराकडं पळत आला, नळ्या, इंजेक्शनं, सगळं. दारात थांबला. बायका बसलेल्या बघितल्या आणि बॅग हातातून पडली. त्याला सांगितलं होतं, "आईला जरा जास्त झालंय. ये. सावकाश ये."

मी सरणाची वाटही बघितली नाही. तिथल्या तिथं शेजाऱ्याला म्हणालो, "पुन्हा खोटं? पोरगं वाचवायला आलं तिला! नळ्या घेऊन आलं!"

तो पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "गाडी चालवत येनाराला आई गेली म्हणून सांगायचं आसतं व्हय? चंदनापुरीच्या घाटात गेला आसता म्हंजी? अक्कल हाय का तुला?"

'डॉक्टरचे वडील' म्हणाला नाही. 'तुला' म्हणाला.

सुतक फिटल्यावर मी विहिरीवर त्याला गाठलं. म्हटलं, "मग तेव्हाही असंच केलंस का? रशियाच्या टायमाला? तुला कळलं होतं का नाही?"

तो मोटरच्या पेटीचं झाकण लावत होता.

"पेढा का नाही खाल्लास?"

"मला ग्वाड चालत न्हाई."

दर बाजारी ओतूरला उभ्या-उभ्या जिलबी खाणारा माणूस. मी म्हणालो, "एकदा सांगून टाक. ती तर गेली. आता कुणाला काय होणारंय?"

त्यानं झाकणाची कडी घातली. "मला हिंदी येती," म्हणाला आणि गेला.

म्हणून विहिरीवरच्या त्या शेवटच्या संध्याकाळी, तो दोरावर 'चुकलं' म्हणाला तेव्हा, मला काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करत होतो. बांधावर त्याची म्हातारी बायको उभी दिसली. अंगठा कानाला, करंगळी तोंडापुढं. बाईनं आयुष्यात कधी तसं केलं नव्हतं. मला वाटलं पोराचा फोन असेल. चहा उतरवून गेलो.

फोन जागेवर होता. खाटेवर तो होता. झोपेतच गेला होता.

"हाक फुटना माझी," म्हातारी म्हणाली.

आम्ही दोघांनी त्याला खाटेवरून खाली घेतला. मी खांद्याकडून धरला. जड होता. माझे सोललेले तळहात चरचरले. तिनं घोंगडी त्याच्यावर ओढली, तोंडापर्यंत नेली आणि मग तोंड उघडंच ठेवलं.

"भावजी, भोपाळला तुमीच लावा फोन. माझ्यानं व्हायचं न्हाई."

नंबर भिंतीवर कोळशानं लिहिलेला होता, त्याच्याच हातचा, बैलाएवढे आकडे. मी लावला. तिकडं सुनेनं उचलला. नवरा अंघोळीला गेला होता, असं काहीतरी ती म्हणाली. मग म्हणाली, "कौन? बाबूजी?"

मी म्हणालो, "बाबूजी नाही. मैं शेजारी."

"क्या हुआ? बाबूजी ठीक तो हैं?"

समोर कोनाडा होता. रिकामा. खाली जमिनीवर तो डोळे मिटून पडला होता, आणि मला उगीच वाटलं, हा ऐकतोय. तिकडून ते दोघं निघणार, गाडीनं, दिवस-रात्रीचा रस्ता. हिंदीतले मला चार शब्द येत नाहीत. एक तेवढा येतो.

"अस्पताल में," मी म्हणालो, "भरती है."

"हे भगवान! ज़्यादा तबीयत ख़राब है क्या? ठीक तो हो जाएँगे ना?"

हे मला सगळं कळलं.

"सावकाश आव," मी म्हणालो. "बडा अस्पताल है. सरकारी."